हॉटेलच्या टीव्हीचा अडकलेला आवाज कसा सोडवायचा, आणि सर्व्हिस मेनूत कुठं हात लावायचा नाही

महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांनी खोल्यांतले टीव्ही बदलले की जुने सेट घाट उतरून साताऱ्यात येतात. स्वस्तात मिळतात, पॅनेलही, म्हणजे पडदा, बहुतेक वेळा चांगलं असतं. मग दोन दिवसांनी फोन येतो, "दादा, आवाज वीसच्या वर जातच नाही हो. आणि कधीही लावला तरी तोच एक चॅनेल." सेट बिघडलेला नसतो. शेजारच्या खोलीतल्या पाहुण्याची झोपमोड नको म्हणून हॉटेलनं आवाजाला कुलूप घातलेलं असतं. नेहमीच्या सेटिंगमधून ते निघत नाही. 'फॅक्टरी रीसेट मारा' सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. कुलूप तसंच राहतं आणि चॅनेल मात्र परत शोधत बसावं लागतं.

आधी रिमोट. आकडे असलेला साधा रिमोट लागतो, नव्या स्मार्ट टीव्हीबरोबरचा बारका रिमोट इथं कामाचा नाही.

सॅमसंगचा हॉटेलचा सेट असेल तर टीव्ही चालू ठेवून म्यूट, १, १, ९ आणि ओके, पटापट दाबा. रेंगाळलात तर तो चॅनेल नंबर समजतो. एलजी असेल तर मेनूचं किंवा सेटिंगचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा, मग ११०५ आणि ओके. समोर हॉटेल मोडचं पान येतं. मोड बंद करा, किंवा कमाल आवाज १०० करा. पॉवर बटणानं सेट बंद करून परत लावा. दहातल्या आठ जणांचं काम इथंच संपतं. त्यांनी पुढं वाचायचीही गरज नाही.

उरलेल्यांना खरा सर्व्हिस मेनू लागतो, म्हणजे मेकॅनिकसाठी आत लपवलेला मेनू. जुन्या सॅमसंगला टीव्ही स्टँडबायवर (प्लग चालू, रिमोटनं बंद) ठेवून इन्फो, मेनू, म्यूट, पॉवर. काही मॉडेलना म्यूट, १, ८, २, पॉवर. एलजीला टीव्हीवरचं आणि रिमोटवरचं मेनू बटण एकदम धरून ठेवायचं, पासवर्ड विचारला तर ०४१३ किंवा ००००. बाजारातल्या बिननावाच्या बोर्डांना (बोर्ड म्हणजे टीव्हीच्या आतलं मुख्य सर्किट) सोर्स दाबून २५८०, नाहीतर मेनू दाबून ११४७. एकानं नाही उघडलं तर दुसरं करून बघा. चुकीचा कोड दाबल्यानं टीव्ही मरत नाही.

टीव्ही मरतो तो आत गेल्यावर.

मी सुरुवातीला एका बत्तीस इंची सेटवर हे भोगलंय. चित्र जरा पिवळट होतं. व्हिडिओत बघितलं की 'टाइप'च्या ओळीत अमुक नंबर घाला, रंग सुधारतात. घातला. सेट बंद होऊन चालू झाला तो उलटा, बातम्या देणारी बाई डोक्यावर उभी आणि चेहरा निळा. घाबरून आणखी एक नंबर घातला, तर पडदाच काळा. आवाज चालू, चित्र नाही. आता मेनू उघडला तरी दिसणार कसा? शेवटी त्याच मॉडेलचा दुसरा सेट शेजारी लावला, त्यावर बघून खाली किती वेळा, उजवीकडे किती वेळा हे कागदावर मोजलं आणि आंधळ्यासारखी बटणं दाबत गेलो. तिसऱ्या खेपेला जमलं. रात्रीचे साडेबारा वाजले होते.

चूक कुठं झाली ते नंतर कळलं. एकाच मॉडेलमध्ये कंपनी वेगवेगळ्या कारखान्यांची पॅनेलं घालते. बाहेरून टीव्ही सारखाच दिसतो, आत पॅनेल निराळं. 'टाइप' म्हणजे बोर्डानं कुठल्या पॅनेलशी कसं बोलायचं ते. त्यामुळं दुसऱ्याच्या त्याच मॉडेलचा नंबर तुमच्याकडं चालेलच असं नाही. 'टाइप', 'पॅनेल', एलजीतलं 'टूल ऑप्शन', या ओळींवर फक्त नजर टाका. बोर्ड बदललाय आणि पॅनेलमागच्या स्टिकरचा नंबर तुमच्या हातात आहे, तरच त्यांना हात लावा.

म्हणून आत गेल्यावर पहिलं काम मोबाईलनं प्रत्येक पानाचा फोटो काढायचं. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. डायरीत लिहून घेतो म्हणणारे 'ओ' आणि शून्यात गोंधळ करतात. मगच बदल, तोही एका वेळी एकच. या मेनूत 'रद्द करा' नसतं, दाबलं ते लागू झालं. चित्र उजळ करायला बॅकलाइटचा आकडा चढवा, असाही एक सल्ला फिरतो. चार महिने छान दिसेल, मग आतल्या एलईडी पट्ट्या जळतील आणि पट्ट्या बदलायचा खर्च अंगावर पडेल.

आता वॉरंटी. सेट वॉरंटीत असेल तर या मेनूत जाऊच नका, सर्व्हिस सेंटरला फोन करा. नुसता मेनू उघडल्यानं कुठलं सील तुटत नाही हे खरं. पण कंपनीचा माणूस येतो तो हाच मेनू उघडतो. किती तास चाललाय, टाइप काय आहे, सगळं त्याला दिसतं. मूळ आकडा बदललेला असला की कार्डावरचं 'छेडछाड' कलम पुढं येतं आणि तुम्हाला बोलायला तोंड राहत नाही. तुम्ही काहीच केलं नसताना हात झटकत असतील तर मात्र गप्प बसू नका. नकार लेखी मागा, बिल आणि कार्ड जपून ठेवा, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. तिथं नाही सुटलं तर साताऱ्यातल्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी पडत नाही. हॉटेलचा जुना सेट घेतलेल्यांची वॉरंटी बहुधा कधीच संपलेली असते, त्यांनी फोटो तेवढे काढावेत.

सगळं झाल्यावर प्लग काढून अर्धा तास तसाच ठेवा, मग लावून बघा. आवाज परत वीसवर आला असेल तर बोर्डावरची मेमरी काही धरून ठेवत नाहीये. ते काम रिमोटचं नाही, मेकॅनिकचं आहे.