देवयानी दिसत नाही? आधी ते बारलो काढा

दिवाळीचा बोनस झाला की मला फोन सुरू होतात. "काका, टेलिस्कोप घेतला, पण काहीच दिसत नाहीये." मी विचारतो आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगनळी, कुठली लावलीस, तर उत्तर ठरलेलं, सगळ्यात छोटी, ४ एमएमची, आणि तिच्या आधी तीन एक्सचं बारलो, म्हणजे चित्र आणखी तिप्पट मोठं करणारं भिंग. का रे बाबा? तर खोक्यावर ६७५ एक्स, म्हणजे ६७५ पट, लिहिलंय ना.

त्या ६७५ ने माझ्या ओळखीतल्या किती जणांचे टेलिस्कोप माळ्यावर गेले सांगू. हिशोब सोपा आहे, आरसा जितके मिमी त्याच्या दुप्पट ही मॅग्निफिकेशनची वरची हद्द, म्हणजे या टेलिस्कोपच्या ११४ मिमीच्या आरशाला २२८, आणि आपल्याकडच्या हवेत दीडशेच्या वर क्वचितच काही धड दिसतं. आरशाने गोळा केलेला उजेड तेवढाच असतो, तो मोठ्या चित्रावर पसरवला की फिका पडणारच. वाटीभर ताकात हंडाभर पाणी ओतून कढी होत नाही.

घोडबंदर रोडला आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधला एक मुलगा, इंजिनियरिंगचा, सलग तीन रात्री गच्चीवर देवयानी, म्हणजे अँड्रोमेडा गॅलेक्सी, शोधत होता. अॅपमध्ये बघायचा, टेलिस्कोप तिकडे वळवायचा, काळं. चौथ्या दिवशी म्हणाला पीस डिफेक्टिव्ह आहे, परत करतो. मी वर गेलो तर ६७५ एक्स लावून बसलेला! म्हणजे त्याला आकाशाचा जो तुकडा दिसत होता तो चंद्राच्या रुंदीच्या आठव्या भागाएवढा, आणि देवयानी दीर्घिका आहे सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीने ठेवल्याएवढी लांब. त्यात पृथ्वी फिरतेय, त्यामुळे चुकून काही आलंच तरी पंधरा-वीस सेकंदात बाहेर. बरं, फाइंडर, म्हणजे नेम धरायला नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण, तोही जुळवलेला नव्हता, तो बघत होता एकीकडे आणि नळी भलतीकडे. मी बारलो काढलं, २५ एमएमची आयपीस लावली, म्हणजे ३६ एक्स, फाइंडर समोरच्या मोबाइल टॉवरच्या लाल दिव्यावर जुळवला आणि दहा मिनिटांत देवयानीचा गाभा पकडला. तो बघतो आणि म्हणतो, "एवढंच? धुरकट डागच आहे." हो, धुरकट डागच आहे. पण २५ लाख प्रकाशवर्षांवरचा आहे, आणि ठाण्याच्या दिव्यांतून दिसला हेच खूप. फोटोतले निळे-गुलाबी रंग कॅमेऱ्याच्या लांब एक्सपोजरचे असतात, डोळ्याला करडंच दिसतं. हे दुकानात कोणी सांगत नाही.

फाइंडर दिवसा जुळवा, किमान किलोमीटरभर लांबच्या वस्तूवर. येऊरच्या बाजूचा एखादा टॉवर बरा पडतो. समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्यांकडे नळी वळवू नका, मी एकदा एका खिडकीच्या ग्रिलवर जुळवत होतो तर संध्याकाळी सेक्रेटरी दारात हजर, त्यांना समजावता समजावता शनी मावळला.

ध्रुव म्हणजे सगळ्यात तेजस्वी तारा, हाही गैरसमज. तो मान व्याधाचा आहे, ध्रुव मध्यमच. ठाण्यातून तो उत्तरेला १९ अंशांवर असतो, हात लांब करून दोन मुठी एकावर एक ठेवल्या की साधारण तेवढं, त्यामुळे समोर टॉवर असेल तर विसरा.

आता दुसरी चूक, जी माझ्या डोक्यात जाते. मोबाइल. अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि तो सराव मोडायला व्हॉट्सअॅपवरची एक नजर पुरते. आम्ही वांगणीच्या पुढे एका शेतात बसतो, तिथे एकदा एका नवीन माणसाने सगळे डोळे सरावून बसलेले असताना गाडीची डिकी उघडली, आतला दिवा लागला, आणि वर "सॉरी सॉरी" म्हणत मोबाइलचा टॉर्च मारला. बारा माणसांचा अर्धा तास गेला. मी तेव्हापासून डिकीतल्या दिव्याला काळी चिकटपट्टी लावतो आणि टॉर्चला लाल जिलेटीन, दोन घड्या करून. नाइट मोड चालेल का असं विचारतात, मी म्हणतो खिशात ठेव, तेच बरं.

अंधुक गोष्टीकडे थेट रोखून बघू नका, किंचित बाजूला बघा, डोळ्याच्या कडेने जास्त दिसतं.

टेलिस्कोप घरातून बाहेर काढला की लगेच डोळा लावायचा नाही, अर्धा तास तसाच ठेवा. आणि गच्चीवर रात्री आठला ग्रह उकळताना दिसले तर दोष काचेचा नसतो, दिवसभर तापलेला स्लॅब असतो. अकरानंतर बघा.

पौर्णिमेला दीर्घिका शोधायला निघणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

सूर्याकडे टेलिस्कोप कधीच नाही. आयपीसमध्ये बसवायचा छोटा सोलर फिल्टर आला असेल तर आज फेकून द्या, तो तापून तडकतो आणि डोळा जातो.

शॉर्टकट हवाच असेल तर पहिलं वर्ष १० बाय ५० चा (दहापट, ५० मिमीच्या भिंगांचा) बायनॉक्युलर घ्या. नोव्हेंबरात नऊ-साडेनऊला देवयानी जवळपास डोक्यावर असते, जरा उत्तरेकडे. भाद्रपदांचा (पेगॅससचा) चार ताऱ्यांचा मोठा चौकोन शोधा, त्याच्या ईशान्य कोपऱ्यापासून निघालेल्या ओळीतला दुसरा तारा पकडा, तिथून शर्मिष्ठा (कॅसिओपिया) तारकासमूहाकडे काटकोनात वळून दोन अंधुक तारे, आणि दुसऱ्याच्या बाजूलाच ती. अॅपशिवाय एकदा जमलं की मग टेलिस्कोपचं बघू. पण हे सांगितलं की पुढचे दोन महिने फोन येत नाही.

आणि जूनच्या आधी आयपीस सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात टाका. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते, आणि मग लोक ती रुमालाने पुसतात.