चैत्राच्या तोंडावर कोकणात: वेळासच्या घरगुती मुक्कामाची तयारी

कोकणात जायचं म्हणजे मे महिन्यातच, असं अनेक घरांत ठरून गेलेलं असतं. वसंत पाहायचा असेल तर मे उशिराचा. काटेसावर आणि पांगारा तोवर फुलून गेलेले असतात, ओले काजूगर संपत आलेले असतात आणि कासवाची पिल्लं कधीच समुद्रात गेलेली असतात. मार्चच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ धरा. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यातलं वेळास हे त्यासाठी फार चांगलं गाव आहे. इथे मोठी हॉटेलं नाहीत, गावकऱ्यांच्या घरीच राहायचं आणि जेवायचं. निदान तीन रात्री ठेवा. एका रात्रीत कासवं दिसतीलच याची खात्री नसते, आणि केळशी, आंजर्ले, हर्णै ही किनाऱ्यावरची गावं सगळी एका दिवसात कोंबली की वसंत गाडीच्या काचेतूनच बघावा लागतो.

तारीख ठरवताना कॅलेंडरवरचा शनिवार-रविवार सोडा आणि तिथी पाहा. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. तृतीयेला तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती आणि त्याआधी सहा तास, सकाळी आठच्या आसपास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला येते, म्हणजे सकाळी फिरायला निघावं तर पाणी वर आलेलं असतं आणि वाळूची अरुंद पट्टी उरते. अष्टमीच्या भांगाला (मंद भरती-ओहोटीला) पाणी फार मागेही हटत नाही. उलट पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणानंतरच्या दोन-तीन दिवसांत ओहोटी खोल लागते. म्हणून मुक्कामात द्वितीया ते चतुर्थी हे दिवस येतील असं बघा. हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा पाण्यात उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचाराच.

एक अडचण लक्षात ठेवा. फाल्गुन पौर्णिमेच्या मागेपुढे शिमगा असतो. चाकरमानी गावी येतात, एसटी आणि कोकण रेल्वे भरून वाहते, घरांत पाहुण्यांना जागा नसते. पालखी नाचताना बघायची असेल तर हे दिवस उत्तमच, पण जागा दीड-दोन महिने आधी ठरवा. शांतता हवी असेल तर पाडव्यानंतर या. चैत्रगौरीचं हळदीकुंकू चालू असतं. घरच्या काकूंनी बोलावलं तर नक्की जा, आंबेडाळ आणि पन्हं तिथे मिळतं तसं हॉटेलात मिळत नाही.

फोनवर जागा ठरवताना चार गोष्टी स्पष्ट विचारा: खोली स्वतंत्र आहे की सगळ्यांना मिळून माजघर, संडास घराला लागून आहे की परसात, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, आणि जेवणाच्या वेळा काय. बहुतेक घरी शाकाहारीच जेवण असतं. किती पानं वाढायची ते आदल्या रात्री सांगा. मोदक किंवा घावन हवे असतील तर तेही तेव्हाच, कारण तांदूळ भिजवणं, पीठ काढणं, नारळ खवणं हे ऐनवेळी होत नाही. रोख पैसे सोबत ठेवा. मार्चअखेर विहिरींचं पाणी खाली जायला लागतं, म्हणून नळ सोडून न ठेवता बादलीनेच अंघोळ करा.

मुंबईहून किंवा ताम्हिणीमार्गे पुण्याहून येताना माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर करत बागमांडल्याला या आणि तिथून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरा. गाडी बोटीवर चढते. शेवटची बोट किती वाजता ते निघतानाच विचारून घ्या. ती चुकली तर महाड-मंडणगडमार्गे मोठा वळसा पडतो, तोही रात्री घाटातून.

आता कासवं. ऑलिव्ह रिडलेच्या माद्या हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात. कोल्हे, कुत्री आणि चोर यांच्यापासून ती वाचावीत म्हणून कासवमित्र घरटी शोधून अंडी कुंपणातल्या हॅचरीत, जवळजवळ तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात. साधारण दीड-पावणेदोन महिन्यांनी पिल्लं वाळूतून वर येतात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने हे काम इथे उभं केलं आणि 2006 पासून गावात कासव महोत्सव भरू लागला. पिल्लं सहसा सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास सोडतात, कारण भर उन्हात वाळू तापते आणि पिल्लं होरपळतात. पुरलेल्या अंड्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलल्यावर खाली काहीच नसेल तर त्या वेळी सोडणंही नाही. म्हणून तीन रात्री, म्हणजे पाच-सहा संधी.

पिल्लं पाण्यापासून काही अंतरावर ठेवतात, ती स्वतः चालत जातात. उचलून पाण्यात सोडण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नका. दोरीच्या पलीकडे जाऊ नका: तळहातापेक्षाही लहान पिल्लू तुमच्या पावलाच्या ठशात पडलं की उलटं होऊन तिथेच धडपडत राहतं. फ्लॅश आणि विजेरी बंद. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात आणि समुद्राऐवजी तुमच्याकडे वळतात. लहान मुलांना पुढच्या रांगेत बसवा, उभ्या माणसांच्या मागून त्यांना काही दिसत नाही.

पिल्लं गेली की लगेच नाश्त्याला पळू नका. ओहोटीची वाळू आणि सकाळचं कोवळं ऊन नऊपर्यंतच असतं. परतताना फुललेली काटेसावर शोधा. झाडावर पान नसतं, त्यामुळे पाखरं लपत नाहीत: मैना, कोतवाल, सूर्यपक्षी, तांबट सगळे फुलांवर येतात. वीस पावलांवर, सूर्य पाठीशी घेऊन अर्धा तास बसलात तर दुर्बिणीशिवायही पुष्कळ दिसतं. कुसुमाची लालबुंद पालवी लांबून फुलांसारखी वाटते, जवळ जाऊन बघा.

साडेअकरा ते चार पडवीत काढा. याच वेळात ओले काजूगर सोलायला बसता येतं. हिरव्या बीच्या सालीत जो चीक असतो तो कातडी भाजतो आणि डाग जात नाहीत. आधी दोन्ही हातांना खोबरेल चोपडा, जुने कपडे घाला. बी विळीवर उभी चिरा, बोथट काडीने गर अलगद बाहेर काढा. गर कडकडीत पाण्यात दहा मिनिटं ठेवला की वरची साल चिमटीने निघते. चीक लागलेला हात डोळ्याला किंवा ओठाला लावू नका, आणि मुलांना बी दाताने फोडू देऊ नका. चौघांच्या उसळीला दोन वाट्या गर पुरतो. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, खायचा असेल तर चकत्या करून मीठ लावून थोडा वेळ ठेवा, घशाची खवखव कमी होते.

संध्याकाळनंतर विजेरी आणि बंद बूट, घराच्या मागल्या दारी जायचं असलं तरी. कातळावर आणि गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) दगडांत फुरसं हा साप असतो. फुरसं आकाराने लहान, रंगाने मातीसारखं आणि फार विषारी. दगडाखाली हात घालू नका. चावलंच तर जखम कापू नका, दोरी आवळू नका, तो अवयव हलू न देता थेट मंडणगडच्या ग्रामीण रुग्णालयाकडे निघा.

मार्चमध्ये आंबा थोडाच असतो, एप्रिल लागला की वाढतो. बागायतदाराकडून घेताना चौदा आणे (म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार, देठासकट उतरवलेला मागा: देठाजवळचे खांदे वर उचललेले असतात आणि फळ अजून हिरवं, कडक असतं. पिकलेला घेतलात तर प्रवासात दबतो. पेटी गाडीच्या बंद डिकीत उन्हात ठेवू नका, आंबा आतून भाजल्यासारखा होतो. घरी गेल्यावर भाताच्या पेंढ्यात एकेरी थर लावा आणि चौथ्या दिवसापासून रोज एकदा बघा. एक सडका आंबा राहिला तर शेजारचेही खराब होतात.