‘गोळी घेतलीस का?’ हा टोमणा नको : बायपोलर मुलांच्या घरी या चुका टाळा

लेक सोळा वर्षांची. टीव्हीच्या आवाजावरून धाकट्याशी भांडत होती, तेव्हा मी स्वयंपाकघरातूनच ओरडले, ‘आज गोळी घेतलीस का गं?’ ती भरलं ताट सरकवून उठली. गोळी घेतली होती. आवाज खरंच मोठा होता.

बायपोलरचं, म्हणजे मन कधी फार चढतं तर कधी फार खचतं त्या आजाराचं, निदान झालं की अख्खं घर पोरीच्या रागा-हसण्यावर आजाराचा शिक्का मारू लागतं. दार तर या वयात सगळ्याच मुली आपटतात. आजाराची चाहूल निराळी : तीन-चार तास झोपूनही थकवा नाही, बोलण्याला खंड नाही, अचानक मोठमोठे बेत, आणि हे सलग काही दिवस. थेरपिस्टनी तिच्याकडूनच तिची लक्षणं वहीत लिहून घेतली. गोळीची आठवण रात्री जेवणानंतर एकदाच, भांडणात कधीच नाही, हा नियमही तिचाच.

दुसरी चूक आमच्या ह्यांची. ‘तू घेऊन जा, मला कामाला सुट्टी नाही.’ अहो, ही कुटुंबाची थेरपी! अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मिक्लोविट्झ यांच्या पद्धतीत किशोरवयीनांसाठी साधारण ९ महिन्यांत २१ बैठका असतात. आधी आजार समजून घेणं, मग बोलण्या-ऐकण्याचा सराव, शेवटी घरातल्या अडचणी सोडवणं. टीका आणि राग जास्त असलेल्या घरांत आजार जास्त वेळा उलटतो, हे संशोधनात दिसलंय. आमच्याकडे सगळ्यात जास्त टीका करणारा माणूसच बैठकीला नव्हता. आता येतात. अजून मध्येच बोलतात, पण येतात.

बैठका सुरू झाल्या म्हणून औषध परस्पर बंद करू नका. थेरपी औषधाच्या जोडीला असते. लिथियम हे मन स्थिर ठेवणारं औषध चालू असेल तर सोलापूरचा उन्हाळा जपून काढा. पारा ४२-४३ वर गेला, घाम फुटला, पाणी कमी पडलं की रक्तातलं लिथियम वाढतं. निर्जळी उपवास, एकदम मीठ तोडणं, डोकं दुखलं म्हणून मेडिकलमधून आणलेली आयबुप्रोफेन, यांनीही वाढू शकतं. उलट्या, जुलाब, हात जोरात थरथरणं, झोक जाणं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

‘मरून जावंसं वाटतं’ असं मूल म्हणालं तर पुढच्या बैठकीची वाट पाहू नका. त्याला एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

राहिली झोप. जागरणाने मॅनियाला, म्हणजे मन बेफाम चढण्याला, निमित्त मिळतं, म्हणून सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला जाऊच द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. बैठकीत तोड निघाली : शोभेचं दारूकाम पाहायचं, नंतर पाळण्यांत रेंगाळायचं नाही. त्या रात्री ह्यांनी घड्याळ दाखवलं. तिने तोंड वाकडं केलं आणि चपला ओढत गाडीकडे निघाली. ते मी वहीत लिहिलं नाही.