डोळे पाणावले, पुढे काय? कथेत भावना लिहायला शिकणाऱ्यांसाठी

कथालेखनाच्या कुठल्याही वर्गात पहिल्याच तासाला एक सल्ला मिळतो: भावना सांगू नका, दाखवा. सल्ला बरोबर आहे आणि तुम्हीही तो ऐकलेला असणार, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते हा सल्ला ऐकल्यावर आपण ज्या खड्ड्यात जाऊन पडतो त्याबद्दल. मी त्यात बराच काळ होते. आजही एखादी कथा घाईत लिहिली की पाय तिकडेच वळतात.

‘तिला वाईट वाटलं’ असं लिहायचं नाही, एवढं कळलं की आपण काय लिहितो? ‘तिचे डोळे पाणावले. घशात हुंदका दाटला. छातीत काहीतरी आवळल्यासारखं झालं.’ भीती असेल तर तळहाताला घाम आणि पोटात गोळा. राग आला की मुठी आवळल्या, कपाळावरची शीर तटतटली. धक्का मोठा असेल तर पायाखालची वाळू सरकते, तीही बहुधा डोळ्यांपुढे अंधारी येऊन गेल्यावर. आणि आपण खूश! भावनेचं नाव कुठे घेतलंय, बघा. पण ‘वाईट वाटलं’ या दोन शब्दांच्या जागी त्याच अर्थाचे दहा-बारा शब्द बसले, याहून जास्त काही घडलेलं नसतं. वाचक ते मनातल्या मनात ‘वाईट वाटलं’ असंच वाचतो आणि पुढच्या ओळीवर जातो.

माझी एक कथा एका दिवाळी अंकाकडून परत आली तेव्हा समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलेलं होतं: ‘ही किती रडते!’ मी भयंकर चिडले होते. मुंबईत ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी संपादकांच्या टेबलावर किती डोळे पाणावून गेले असतील याचा विचार तेव्हा डोक्यात आला नाही. हल्ली येतो.

आता जरा जुन्या पुस्तकांत शिरते. कंटाळू नका, कारण मला सुटका तिथे मिळाली, कुठल्याही कार्यशाळेत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भावांची, म्हणजे भावनेमुळे शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणांची, यादी आहे: अंग ताठरणं, घाम, रोमांच, आवाज बदलणं, कंप, चेहऱ्याचा रंग उडणं, अश्रू आणि शुद्ध हरपणं. आपण ‘दाखवतोय’ असं समजून जे लिहितो ते सगळं या यादीत आधीच आहे. फरक इतकाच की भरत नटासाठी लिहीत होता. नटाचं शरीर प्रेक्षकासमोर उभं असतं, कशामुळे घाम फुटला तेही प्रेक्षक त्याच रंगमंचावर बघत असतो. आपल्या वाचकापुढे फक्त कागद असतो, हल्ली तर फोनचा पडदा. तिथे नुसता घाम लिहिला तर तो उकाड्याचाही असू शकतो.

ही गंमत भरतालाही ठाऊक होती. अश्रू कशाने येतात हे सांगताना तो शोक, भीती, आनंद यांच्या जोडीला धूर, काजळ, जांभई, थंडी आणि आजारही मोजतो. अकराव्या शतकात काश्मीरमधल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त हेच आणखी नेमकं मांडलं. अश्रू करुण रसात येतात, भयानकात येतात, शृंगारातही येतात. कारणाचंही तसंच. समोर वाघ आला म्हणून भीतीच वाटेल असं नाही. वीराला चेव येईल, एखादा नुसता थक्क होऊन बघत राहील. म्हणजे एकटं कारण पुरत नाही आणि एकटा परिणामही पुरत नाही. दोन्ही लागतात, आणि त्यांच्यासोबत तिसरंही काही लागतं: मनात येऊन जाणारे छोटे भाव. नाट्यशास्त्रात हे व्यभिचारी भाव तेहतीस आहेत आणि त्यांत आळस, झोप, गर्व, असूया असली मंडळीही बसलेली आहेत. दुःखाच्या प्रसंगात झोप अनावर होणं, मयताच्या घरी कुणाच्या साडीचा हेवा वाटणं, हे लिहायला आपण घाबरतो. जुन्या लोकांनी ते यादीत घालून ठेवलंय.

हे वाचून मी माझ्या जुन्या कथा काढल्या तेव्हा दुखणं एकच दिसलं. अनुभाव, म्हणजे शरीरावर दिसणारे परिणाम, ढीगभर; विभाव, म्हणजे ते घडवणारं कारण, कुठेच नाही. कारण म्हणजे ‘आई गेली’ हे एक वाक्य आणि त्यावर पानभर रडणं. आई जाणं ही बातमी झाली. त्या घरात, त्या संध्याकाळी, त्या बाईला नेमकं काय टोचलं ते लिहायला हवं होतं.

उदाहरण घेऊ. लालबागच्या चाळीतली दोन खोल्यांची जागा. सासूबाईंना जाऊन थोडे दिवस झालेत. सून, सुनीता, इतकी वर्षं त्यांचं सगळं करत होती. पहिल्या खर्ड्यात लिहिलं जातं, ‘सुनीताला घर रिकामं वाटू लागलं.’ दुसऱ्यात, ‘रिकाम्या कॉटकडे बघताना तिच्या घशाशी हुंदका आला.’ बहुतेक जण इथे थांबतात आणि कथा पाठवून देतात. आता हे बघा:

‘रात्री नऊला फ्रीजवरचा फोन वाजला. पडद्यावर अक्षरं: आई, बीपी गोळी. जेवणारे तिघंही थांबले. सुनीताने उष्ट्या हाताच्या करंगळीने स्नूझ दाबलं आणि म्हणाली, “आमटी घ्या, गार होतेय.” दहा मिनिटांनी तो परत वाजला.’

यात रडणं नाही. कारण आहे: रोज वाजणारा आणि कुणीच बंद न केलेला अलार्म. शरीर आहे, पण ते फक्त एका करंगळीपुरतं. आणि सुनीताने ‘बंद’ न दाबता ‘स्नूझ’ दाबलं, यात तिच्या मनाचं जे सांगायचं ते येऊन जातं. आता एवढीच कृती बदलून बघा. तिने ‘बंद’ दाबलं आणि जेवत राहिली, तर सुटल्याची भावना आत कुठेतरी आहे. ती उठली, पाकिटातून गोळी काढली आणि मग हातात गोळी घेऊन उभी राहिली, तर ते वेगळं. नवऱ्याने अलार्म काढून टाकला आणि ही त्याच्या अंगावर ओरडली, “कोणी सांगितलं होतं तुम्हाला?” तर आणखीच वेगळं. घर तेच, वस्तू तीच, भावना मात्र दरवेळी निराळी, आणि यातल्या कशालाही विशेषण लागलं नाही.

चित्रदर्शी भाषा म्हणजे दाट विशेषणं, असा समज आपल्याकडे शाळेच्या निबंधापासून रुजलाय. ‘विषण्ण, उदास, काळवंडलेली संध्याकाळ’ लिहिलं की गुण मिळायचे. कथेत मिळत नाहीत. वरच्या तुकड्यात चित्र उभं करणारे शब्द कुठले? करंगळी, उष्टा हात, स्नूझ. तिन्ही साधे आहेत. ते चालतात कारण त्या जागी दुसरा शब्द घातला तर चित्र बिघडतं.

मुंबईत लिहिणाऱ्यांना पावसाचं एक जादा व्यसन असतं. दुःख झालं की बाहेर धो धो. अरे, आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर, मग उरलेले आठ महिने माणसांनी दुःख करूच नये का? २६ जुलै २००५ वरची कथा तर प्रत्येक नवोदिताच्या वहीत असते. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे खरं, पण तो आकडा आणि ‘पाण्याचं तांडव’ दोन्ही वाचकाला आधीच पाठ आहेत. कुर्ल्याहून कमरेएवढ्या पाण्यातून निघालेली बाई एका हाताने नव्या चपला डोक्यावर धरून चालतेय, हे लिहा. पूर तिच्या चपलांवरून कळू दे.

आता थोडं कडू. व्हॉट्सअॅपवर ‘भाव व्यक्त करणारे शब्दप्रयोग’ अशा पीडीएफ फिरतात. राग आला तर यातलं एक घ्या, लाज वाटली तर त्यातलं. त्या फोनमधून काढून टाका. त्या यादीतलं प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी कथेत आधी वापरून झालंय, आणि तुमच्या पात्राला ते मापाने बसणार नाही. कार्यशाळांबद्दलही माझं मत फारसं चांगलं नाही. दोन दिवसांत प्रमाणपत्र देणाऱ्या बहुतेक ठिकाणी तुमचं लिखाण कुणी ओळ न् ओळ वाचत नाही. आणि ‘छान आहे, फक्त अजून रंगवा’ म्हणणारा मार्गदर्शक भेटला तर नमस्कार करा आणि निघा. ‘रंगवा’ हा सल्ला नवोदिताला सरळ विशेषणांकडे ढकलतो. त्यापेक्षा एखादा चिडका वाचक बरा, जो बोट ठेवून म्हणतो, इथे मला कंटाळा आला.

पैसे न लागणारी शाळा म्हणजे लोकल. संध्याकाळच्या गर्दीत लेडीज डब्यात बसायला मिळालं तर फोन आत ठेवा. एक बाई फोनवर कुणाशी तरी बोलून ठेवते आणि गवार मोडायला घेते. दादरपासून घाटकोपरपर्यंत तिचे हात नेमके चालतात. मग बघता बघता देठ पिशवीत आणि शेंगा कचऱ्याच्या कागदावर पडायला लागतात. शेजारची सांगते, “अहो, उलटं टाकताय.” वहीत ‘दुःखी बाई, ठाण्याला उतरली’ असं लिहू नका. गवार लिहा. भावनेचं नाव लिहिलंत तर महिन्याभराने वही उघडल्यावर हाती काहीच लागत नाही. वस्तू लिहिलीत तर सगळा डबा परत उभा राहतो. तिघींच्या बाकावर दाटीवाटीने मिळणाऱ्या चौथ्या सीटसाठी कोण कसं ‘जरा सरकता का’ म्हणतं, कोण न बोलता नुसती मांडी टेकवतं, कोण उभं राहतं पण विचारत नाही, एवढ्यावर माणसांचे स्वभाव कळायला लागतात.

संवादातही मराठीने आपली सोय करून ठेवली आहे, ती वापरा. एरवी नवऱ्याला ‘अरे’ म्हणणारी बायको भांडणानंतर “तुम्ही जेवून घ्या” म्हणते, तिथे ‘ती संतापून म्हणाली’ कशाला हवं? आई मुलाला ‘पश्या’ऐवजी ‘प्रशांत’ म्हणाली की घरात सगळे गप्प होतात. मात्र त्यासाठी आधीच्या पानांवर ‘अरे’ आणि ‘पश्या’ नीट पेरलेले हवेत, नाहीतर वाचकाला फरक जाणवणार कसा?

एवढं वाचून कुणी प्रत्येक भावना अशी आडवळणाने लिहायला बसला तर तेही सांभाळा. अडीच हजार शब्दांच्या कथेत रिक्षावाल्याला आलेला राग दाखवत बसायचं नसतं. ‘रिक्षावाला वैतागला’ लिहा आणि पुढे चला. सरळ सांगणं हा गुन्हा नाही. मम्मटाने रसदोषांत, म्हणजे रस बिघडवणाऱ्या चुकांत, भावनेचं नाव घेणं पहिल्यांदा धरलंय हे खरं, पण लगेच पुढे दुसराही दोष दिलाय: विभाव-अनुभाव इतके दूरचे असणं की ते वाचकाला ओढूनताणून समजून घ्यावे लागतात. आणखी एक दोष म्हणजे तोच भाव पुन्हा पुन्हा पेटवत राहणं. त्याचं उदाहरण म्हणून त्याने कालिदासाच्या कुमारसंभवातला रतिविलाप, म्हणजे नवरा मदन गेल्यावर रतीने केलेला शोक, दिलाय. कालिदासालाही जिथे हे ऐकून घ्यावं लागलं, तिथे तुमच्या-माझ्या कथेतलं रडणं एका पानात आटपलं नाही म्हणून लाजायचं कारण नाही. फक्त ते खोडायची तयारी ठेवा. संस्कृत येत नसेल तरी अडत नाही. मराठीत या विषयावर भरपूर लिहिलं गेलंय. दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे, अशा जुन्या ग्रंथालयात विचारा.

दिवाळी अंकांचं साहित्य पावसाळ्यातच मागवायला सुरुवात होते, तेव्हा तुमच्याकडे तपासायला फार वेळ नसेल. एक चाचणी सांगते, मी अजूनही करते. कथेतलं सगळ्यात भावुक पान घ्या. त्यातली भावनांची नावं आणि शरीराची सगळी वाक्यं, डोळे, घसा, छाती, पेन्सिलीने खोडा. उरलेलं पान दोघा-तिघांना द्या. त्यांतला निदान एक लिहिणारा नसावा, लिहिणारे लगेच तंत्रावर बोलायला लागतात. विचारायचं एकच: हिला आत्ता काय वाटतंय? सगळे साधारण एकाच दिशेला गेले तर खोडलेलं परत घालू नका, गरज नव्हती. पानावर काहीच उरलं नाही, तर निराश व्हायचं कारण नाही, बहुतेकांचं पहिल्यांदा तसंच होतं. प्रत्येकाने भलतंच सांगितलं तर मात्र त्या पानाला हात लावू नका. मागच्या पानांवर जा आणि अलार्म कुणी, कुणासाठी आणि कधी लावला होता ते तिथे लिहा.