दुकानात जाण्याआधी चुडात बघा

भात पोटरीवर आलंय (लोंबी अजून पोटातच आहे), पावसाची उघडझाप चालू आहे आणि मध्येच चटका देणारं ऊन पडतंय. मुंबईतल्या गोराई-मनोरीची खाचरं असोत की आरेच्या पाड्यांवरचे तुकडे, आजच शेतात उतरा, चूड, म्हणजे एका जागी लावलेल्या रोपांचा झुबका, दोन्ही हातांनी फाका आणि बुंध्याशी बघा. तपकिरी तुडतुडा ही भातावरची कीड तिथे, पाण्याच्या जरा वर, रस शोषत बसते. बांधावरून दिसतात ती फक्त पिवळी पडलेली गोल खळी, आणि तोवर उशीर झालेला असतो.

दरवर्षी तेच होतं. बुंधा न बघता माणूस दुकान गाठतो, "भात पिवळं पडलंय" म्हणतो. दुकानदाराने शेत पाहिलेलं नसतं. तो टॉनिक देतो, युरिया देतो, वर 'जालीम' म्हणून पायरेथ्रॉइड गटातलं एखादं कीटकनाशक. युरियाने भात लुसलुशीत होऊन तुडतुड्याचं फावतं. पायरेथ्रॉइडने त्याला खाणारे कोळी मरतात आणि कीड उलट वाढते. म्हणजे पदरच्या पैशाने पोसलेली कीड!

चुडात ५ ते १० तुडतुडे दिसले तर:
- खाचरातलं पाणी ३-४ दिवस काढून टाका
- युरिया बंद
- बुप्रोफेझिन २५ एससी हे कीटकनाशक, १० लिटर पाण्यात १६ मिली. फवारा बुंध्यावर, शेंड्यावर नको
- फवारणी ते कापणी किमान २० दिवस

माझा आपला अंदाज: वारा पडला, उकाडा वाढला आणि रात्री दिव्याभोवती बारीक तपकिरी किडे जमले, की सकाळी चूड तपासावीच.

विचारायचंच तर ज्याला काही विकायचं नाही त्याला विचारा. चूड मुळासकट उपटून पिशवीत घाला आणि कृषी सहायकाला (आताचा सहायक कृषी अधिकारी) दाखवा. व्हॉट्सॲपवरच्या धूसर फोटोवर भिस्त नको. किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१, सकाळी ६ ते रात्री १०, मराठीत, फुकट. तिथेही नुसतं "पिवळं पडलंय" सांगू नका. वाण, लावणीची तारीख, चुडातले किडे आणि आधी काय मारलंय ते सांगा. दर मंगळवारी-शुक्रवारी निघणारा हवामान खात्याचा कृषी सल्लाही बघा. पाऊस सांगितला असेल तर पंप उचलू नका.

औषध घेताना पक्की पावती मागा. लेबलवर भात आणि तुडतुडा ही दोन्ही नावं नसतील तर बाटली तिथेच परत करा.