ईपीएने टार्गेट दिलं, आता राज्याने प्लॅन कसा बनवायचा?

पॉलिसी किंवा एनर्जी शिकताय तर ही असाइनमेंट कधी ना कधी येतेच, अमेरिकेतलं एक राज्य घ्या आणि क्लीन पॉवर प्लॅनखाली (वीज प्लांटचा कार्बन कमी करण्यासाठी ईपीएने, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, केलेला नियम) त्याचा स्टेट प्लॅन तयार करा. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, हा नियम ओबामांच्या काळात ऑगस्ट २०१५ मध्ये फायनल झाला, ९ फेब्रुवारी २०१६ ला सुप्रीम कोर्टाने ५-४ ने त्याला स्टे दिला आणि मग तो कधी अंमलात आलाच नाही. तरी शिकायला मस्त केस आहे.

बहुतेक जण सुरुवातच चुकवतात, मीही चुकवली होती. सोलर किती, विंड किती, कुठला कोळशाचा प्लांट बंद करायचा अशी यादी करत बसलो. ती यादी सगळ्यात शेवटी येते हो. क्लीन एअर ॲक्टच्या कलम १११ डी मध्ये कामाची वाटणीच अशी आहे की किती कमी करायचं ते ईपीए ठरवणार आणि कसं करायचं ते राज्य. म्हणजे राज्याचा पहिला निर्णय एकच, हिशोब रेटने ठेवायचा की मासने. बाकी सगळं त्यावर लटकलंय.

रेट म्हणजे एका मेगावॉट-तासाला किती पाउंड कार्बन डायऑक्साइड. २०३० साठी कोळशाच्या स्टीम युनिटला १,३०५ आणि गॅसच्या कम्बाइन्ड सायकलला ७७१, आणि तुमच्या राज्यात यांचं प्रमाण जसं असेल तसं राज्याचं टार्गेट. मास म्हणजे वर्षाला एकूण किती टन, त्यावर झाकण, म्हणजे कमाल मर्यादा.

एक उदाहरण करून बघू. समजा एक जुना कोळशाचा प्लांट मेगावॉट-तासाला २,२०० पाउंड सोडतो आणि त्याने १,००० मेगावॉट-तास वीज बनवली. झाले २२ लाख पाउंड. याला १,३०५ ने भागा, येतात साधारण १,६८६. वीज तर १,००० च बनवली, मग वरचे ६८६ आणायचे कुठून? क्रेडिट घ्यायचे, एक क्रेडिट म्हणजे कार्बन न सोडता बनवलेला किंवा मोजून-तपासून वाचवलेला एक मेगावॉट-तास. मासमध्ये तोच प्लांट २२ लाख पाउंडाचे टन करतो (इथे टन म्हणजे २,००० पाउंडाचा), ११०० होतात, आणि तेवढे परवाने (एका टनाला एक) जमा करतो, विषय संपला. म्हणून मला मास आवडतो, धुराड्यातून किती निघालं ते मोजलं की झालं, कोणाच्या घरात किती वीज वाचली याचे पुरावे गोळा करत फिरायला नको. रेट घेतला तर अजून एक खड्डा आहे, क्रेडिट फक्त २०१२ नंतर लागलेल्या क्षमतेला, त्यामुळे राज्यातली जुनी धरणं आणि आधीपासून चालू असलेली अणुभट्टी धरून टार्गेट गाठलं असं दाखवलंत तर मार्क गेलेच समजा.

पण मासमध्येही एक गोची आहे. झाकण फक्त जुन्या प्लांटवर, कारण १११ डी जुन्यांसाठीच आहे. मग कंपनी काय करेल, जुना गॅस प्लांट कमी चालवेल आणि शेजारी नवा बांधून तो जोरात चालवेल, कागदावर राज्य पास आणि हवेत कार्बन तेवढाच. याला लीकेज म्हणतात आणि ईपीएला यावर उत्तर हवंच होतं. सोपं उत्तर म्हणजे नवे प्लांटही त्याच झाकणाखाली घ्या, त्यासाठी जास्तीचे टन मिळत होते.

ट्रेडिंगचं, म्हणजे परवाने किंवा क्रेडिट विकत घेण्या-देण्याचं, कलम टाकाच. ईशान्येकडची नऊ राज्यं आरजीजीआयमध्ये (त्यांचा एकत्र कार्बन-परवाना बाजार) २००८ पासून परवान्यांचे लिलाव करतच होती, त्यामुळे त्यांच्यासाठी हे काही नवीन नव्हतं. फक्त मासवालं राज्य रेटवाल्याशी व्यवहार करू शकत नाही, तेव्हा शेजारी काय निवडतायत ते आधी बघा. ग्रिडच्या भरवशाचा विचार केला हे दाखवणं आणि लोकांची मतं घेणं, हे दोन्ही कंपल्सरी होतं, एकेक पान पुरे. आणि प्लॅन दिलाच नाही तर? मग ईपीए स्वतःचा फेडरल प्लॅन लावणार होती.

३० जून २०२२ च्या वेस्ट व्हर्जिनिया केसवर एक परिच्छेद ठेवा. कोळशाकडून गॅस आणि विंडकडे वीज सरकवायची असं धरून ईपीएने लिमिट ठरवलं होतं, ते सुप्रीम कोर्टाने ६-३ ने अमान्य केलं. गंमत म्हणजे देशाचं टार्गेट होतं २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ३२ टक्के कपात, आणि वीज क्षेत्राने ते नियमाशिवायच २०१९ मध्ये गाठलं, स्वस्त गॅस आणि विंडमुळे. त्यामुळे शीट भरताना, जो कोळशाचा प्लांट तसाही बंद व्हायचाच होता त्याची कपात आपल्या प्लॅनच्या नावावर टाकू नका, तो कॉलम वेगळा ठेवा, सर पहिला तोच बघतात.