कॅमेरा चालू आहे, पण बघतोय कुठे? टॅम्परिंग (कॅमेऱ्याशी छेडछाड) पकडताना या चुका टाळा

नाशिकजवळच्या सातपूरमधल्या एका वर्कशॉपमधून तांब्याचं भंगार कमी होत होतं. मालक म्हणाले, “आठही कॅमेरे चालू आहेत.” चालू होतेच. फक्त मागच्या दारावरच्या कॅमेऱ्याची मान कोणीतरी वर ढकलली होती. रेकॉर्डिंग चाळलं, तर 15 दिवस त्याने इमानेइतबारे छताचा पत्रा टिपलेला.

‘व्हिडिओ लॉस’चा अलार्म लावला की झालं, ही सगळ्यात मोठी गैरसमजूत. तो सिग्नल तुटला तरच वाजतो: वायर कापली, बीएनसी (वायरीच्या टोकाचा कनेक्टर) निघाला, अ‍ॅडॉप्टर जळाला. लेन्सवर फडकं टाकलं तर सिग्नल शाबूत. त्यासाठी ‘टॅम्परिंग’ हा वेगळा पर्याय असतो आणि बऱ्याच डीव्हीआरमध्ये (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या मशीनमध्ये) तो आधी बंदच असतो. तोही मुख्यतः झाकलेली लेन्स ओळखतो. कॅमेरा दुसरीकडे वळवला, तर आधीच्या दृश्याशी तुलना करणारं ‘सीन चेंज’ लागतं. स्वस्त मशीनमध्ये ते नसतं. मग माझा गावठी उपाय: प्रत्येक कॅमेऱ्याच्या बरोबर दृश्याची प्रिंट मॉनिटरशेजारी चिकटवा आणि रोज सकाळी चहा घेताना ताडून बघा.

दुसरी चूक वैतागातून होते. निफाड, पिंपळगावकडच्या पॅकहाउसवर थंडीत धुकं उतरलं की चित्रातल्या कडा पुसट होतात, आणि मशीनला वाटतं लेन्स झाकली. रात्री कॅमेऱ्याच्या आयआरच्या (इन्फ्रारेड) उजेडात कोळ्याचं जाळं पांढरं चमकतं. चार वेळा खोटा अलार्म झाला की लोक अलार्मची सेन्सिटिव्हिटी (तो किती चटकन वाजावा ते) थेट तळाला नेतात. म्हणजे अलार्म असून नसल्यासारखा. आधी जाळं काढा, काच पुसा. मग दिवसा एकदा आणि रात्री एकदा स्वतः फडकं धरून बघा, किती सेकंदांत वाजतो ते. त्यावरून सेन्सिटिव्हिटीचा आकडा ठरवा.

बझर कुलूपबंद केबिनमध्ये वाजून उपयोग नाही, मोबाईलवर नोटिफिकेशन लावा.

आणि छेडछाड दिसली की कॅमेरा लगेच सरळ करू नका. आधी आहे तसा फोटो काढा, डीव्हीआरचं घड्याळ किती मागे-पुढे आहे ते लिहून ठेवा, क्लिप उतरवून घ्या. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे क्लिप पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे तपासायचा कोड) द्यावी लागते.

सातपूरला उतरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. डिस्कवर 15 दिवसांचंच रेकॉर्डिंग राहतं, जुनं पुसलं जातं. मान ढकलणारा हात त्याआधीचा, कधीच पुसला गेलेला.